समोरची वाक्यं वाचणारी बाई

माझा आवाज मोठा आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि लाजूनही नाही. वडील शाळेत पीटी शिकवायचे, त्यांच्याकडून आला असावा. नवरा म्हणतो, "तू फोन न लावता बोललीस तरी ठाण्यात तुझ्या बहिणीला ऐकू जाईल." ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या टोकाला टार्निटला घर घेतलं तेव्हा आम्ही बेडरूम किती, गॅरेज केवढं, स्टेशन किती लांब, सगळं पाहिलं, या आवाजाचा विचार मात्र कुणाच्या डोक्यात आला नाही. इथे घरं इतकी खेटून बांधतात की आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि शेजारच्या स्वयंपाकघराची खिडकी यांच्यामध्ये एक पत्र्याचं कुंपण आणि कचऱ्याचे डबे, एवढंच.

ती शेजारी भाड्याने राहायला आली तेव्हा आम्हाला इथे सहा वर्षं झाली होती. उंच, काळी, चाळिशीची, एकटी. सामानात एक माइकचा स्टँड होता. मला वाटलं गाणारी आहे, आता रोज रियाज ऐकावा लागणार. पण गाणं काही ऐकू आलं नाही. कधी ती सकाळी वृद्धाश्रमाच्या युनिफॉर्ममध्ये निघायची, कधी दुपारी चार वाजता चमचमतं जाकीट घालून. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, त्यामुळे हे सगळं मला दिसायचं. कामाने मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याला लिहून कळवायच्या. ऑफिस त्याचा पगार देतं, घरात मी ते फुकट करते.

दीड महिन्यानंतर एका सकाळी बेल वाजली. सात चाळीस ही आमच्या घरातली सगळ्यात वाईट वेळ. मुलगी युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला, ट्रेन सात चोपन्नची, आणि तिचा एक मोजा कायम हरवलेला. मी तिच्यावर ओरडत ओरडतच दार उघडलं. समोर शेजारीण. चेहरा घट्ट, हातात फोन, भांडायलाच आल्यासारखी. मी तिला एक बोट दाखवून थांबवलं, मागे वळून मुलीला आणखी एकदा झापलं, आणि ती "आय्म गोइंग, आई, गॉड!" करत आमच्या दोघींच्या मधून पळाली.

शेजारणीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम हसायलाच लागली. कठड्याला धरून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुमचा आवाज चांगला मोठा आहे. तुम्हाला वाचता येतं का?" (आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत. इथे मी ते माझ्या भाषेत लिहिते आहे.)

"वाचता येतं का म्हणजे? दोन डिग्र्या आहेत माझ्या!" मी म्हणाले.

तेव्हा कळलं की बाई स्टँडअप कॉमेडी करते, आणि नटीही आहे. हल्ली नटांना ऑडिशनसाठी कुणी बोलवत नाही. घरीच फोनवर सीन चित्रित करून पाठवायचा असतो. कॅमेऱ्यात दिसणार नट, आणि कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारं कुणीतरी लागतं. त्या माणसाचं तोंड दिसत नाही, फक्त आवाज येतो. तिची वाचणारी मैत्रीण ब्रिस्बेनला गेली होती.

मी कॉलेजात एकांकिका स्पर्धेत काम केलं होतं. उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं होतं. पहिल्याच दिवशी माझ्या वाट्याला पोलीस इन्स्पेक्टर आला आणि मी असा काही खर्ज लावला, असे काही भुवयांचे खेळ केले, की तिने फोन बंद केला. "हे बघ," ती म्हणाली, "हे माझं ऑडिशन आहे, तुझं नाही. तू नुसतं वाच. सपाट. बँकेचं पत्र वाचतात तसं." मला राग आला. दोन दिवस मी कुंपणाकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी तिने सहा पानं हातात ठेवली आणि मी निमूट वाचली.

त्यानंतरच्या सहा महिन्यांत मी न्यायाधीश झाले, सर्जन झाले, तीनदा तिचा नवरा झाले. ती मात्र नर्स. नाहीतर दुसरी नर्स. नाहीतर मुलगा गेलेली आई. "मी इतके मुलगे गमावलेत," ती म्हणायची, "आणि मला साधं मांजरसुद्धा नाही."

सीन संपला की चहा व्हायचा आणि चहावर तिचं आयुष्य थोडं थोडं बाहेर यायचं. जन्म हरारेचा. नवव्या वर्षी आईबरोबर इथल्या एका लहान गावात आली. शाळेत तिच्या रंगाचं दुसरं कुणी नव्हतं. लोक आपल्याला हसणारच आहेत, तर कधी हसायचं ते आपण ठरवावं, हे तिला तिथेच कळलं. एकोणिसाव्या वर्षी वृद्धाश्रमात कामाला लागली. तिथले एक आजोबा आंघोळीच्या आधी एक विनोद सांगितल्याशिवाय शर्ट काढू द्यायचे नाहीत. रोज नवा विनोद लागायचा, म्हणून ती लिहायला लागली. मग कुणीतरी पबच्या मागच्या खोलीतली पाच मिनिटं दिली, आणि ती पाच मिनिटं वाढत वाढत तासावर गेली.

तिचा सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे तिची आई. आईच्या उच्चारात, आईच्या हातवाऱ्यांसकट वीस मिनिटं. लोक खुर्चीतून खाली यायचे. एकदा आई स्वतः कार्यक्रमाला आली. तिसऱ्या रांगेत बसली, सगळ्यांबरोबर हसली, टाळ्या वाजवल्या. परतताना गाडीत बसली, पट्टा लावला. मग म्हणाली, "मी अशी बोलते हे मला माहीत नव्हतं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दुसऱ्या दिवसापासून ती वीस मिनिटं बंद. तीच तर मला येत होती." तिला पुन्हा पायावर उभं राहायला चार वर्षं लागली.

म्हणून एका टीव्ही मालिकेसाठी तिच्याकडून सीन मागवला तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले. भूमिका होती एका शाळेच्या उपमुख्याध्यापिकेची. खडूस, चोरून बिस्किटं खाणारी, पीटीच्या मास्तरवर प्रेम करणारी बाई. कुणी मेलेलं नाही, कुणी रडत नाही. असं काही तिच्याकडे आजवर आलंच नव्हतं. तिकडे वृद्धाश्रमाने तिला कायमची पूर्णवेळ जागा देऊ केली होती आणि महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. "हे नाही झालं तर मी ती जागा घेणार," ती म्हणाली, "आणि माइकचा स्टँड तुला. कपडे वाळत घाल त्यावर." ती हसत नव्हती.

टेप, म्हणजे त्या सीनचा व्हिडिओ, आमच्याकडे करायची ठरली, कारण आमच्या पाहुण्यांच्या खोलीची भिंत कोरी आहे. गुरुवार, दुपार, तीनच्या आत पाठवायचं. सीनमध्ये मी शाळेच्या कौन्सिलचा अध्यक्ष होते आणि तिला राजीनामा द्यायला सांगत होते. तीन वेळा काही ना काही फसलं. चौथ्यांदा तिचं काम असं काही जमलं की मला कागद धरणं अवघड झालं. मी सपाट आवाजात वाचलं, "तुमची या शाळेला आता गरज उरलेली नाही." तेवढ्यात बाहेर पॅसेजमध्ये आमची कन्या किल्ल्या शोधत इकडून तिकडे फिरताना ऐकू आली. दोन वाजून पाच मिनिटं. अडीचच्या आधीची ट्रेन, आणि चारला तिची टेस्ट. मी कागदावरून नजर न काढता सवयीने ओरडले, "निघ गं! निघ गं, निघ!" आणि लगेच पुढचं वाक्य वाचलं. शेजारणीने एक श्वास घेतला, ओठांच्या कोपऱ्यात हसली आणि आपलं उत्तर दिलं. ते उत्तर मला अजून पाठ आहे.

"हाच," ती म्हणाली.

"अगं, माझा ओरडा आलाय त्यात."

"येऊ दे. घरच्या टेपमध्ये लोकांची कुत्री भुंकतात."

मी टेस्टर. मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला, हेडफोन लावून. चूक सापडली नाही. आम्ही तो पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी. "आधी बस," म्हणाली. मी बसले. तिच्या एजंटचा फोन आला होता. नट निवडणाऱ्या कास्टिंगवाल्यांनी टेप बाजूला काढून ठेवली होती आणि विचारलं होतं, ही कॅमेऱ्याबाहेरची बाई कोण आहे? आणि तुमची नटी त्या घरात सुरक्षित आहे ना?

मला काही कळेना. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि तेवढाच तुकडा लावला. "यात तुला काय ऐकू येतं?"

"मी मुलीला निघ म्हणतेय."

"आता तू मराठी नाहीस असं समज. आणि ऐकताना माझ्या चेहऱ्याकडे बघ."

पुन्हा लावला. पडद्यावर तिचा चेहरा. बाहेरून एका बाईचा सपाट आवाज तिला सांगतो, तुझी गरज नाही. आणि मग तो आवाज तिच्या तोंडावर काळ्या माणसांना देतात ती 'एन'ने सुरू होणारी इंग्रजी शिवी फेकतो, कारण 'निघ गं' सलग ऐकलं की तीच ऐकू येते. जी शिवी इथे टीव्हीवर पीं करून झाकतात. एकदा नाही, दोनदा. मोठ्याने. आणि आवाज माझा.

पंधरा वर्षं मी या देशात रोज सकाळी हे ओरडत होते. ट्रेनमध्ये बोलले होते, शाळेच्या फाटकाशी बोलले होते, दुकानाच्या रांगेत बोलले होते. मी तोंडावर हात धरून बसले. "तू रोज ऐकत असशील," एवढंच म्हणता आलं.

"पहिल्या सोमवारी वाटलं, चुकीचं ऐकलं," ती म्हणाली. "मंगळवारी पुन्हा. मग रोज, सात चाळीसला, मी टोस्टरपाशी उभी असताना. दीड महिना. मी घर सोडायचं ठरवलं होतं. मग म्हटलं, जाण्याआधी तोंडावर विचारायचं. फोनवर रेकॉर्डिंग चालू करून बेल वाजवली. तू दार उघडलंस आणि तेच शब्द स्वतःच्या मुलीला म्हणालीस, आणि ती मुलगी 'आय्म गोइंग' म्हणत पळाली. तेव्हा कळलं."

"म्हणजे तुला वाचायला कुणी नको होतं?"

"हवं होतं. पण ते दारात सुचलं. काहीतरी बोलायला तर पाहिजे होतं ना."

"आणि माझा आवाज चांगला आहे म्हणालीस ते?"

"मोठा आहे म्हणाले. आवाज भयंकर आहे तुझा."

तर असा घोटाळा झाला होता. माझ्या कानाला तो शब्द घरचा, आणि तिच्या कानाला इतक्या महिन्यांत सवयीचा झालेला. त्यामुळे जगात कुणालाही ऐकू आलं असतं ते नेमकं आम्हा दोघींनाच ऐकू आलं नाही. आणि त्यापायी तिची उपमुख्याध्यापिका जाणार होती. निवडलेल्या नटांची यादी त्याच दुपारी पुढे जायची होती. एजंटने आम्हाला बाराची व्हिडिओ कॉलची वेळ मिळवून दिली होती.

मी ऑफिसात सुट्टी टाकली आणि स्लाइड तयार केली. खरंच केली. मी निघते, तू निघ, आपण निघू, ते निघाले. कॉलवर सिडनीहून तिघं होते, तिघांचेही चेहरे गंभीर. मी दमून जाईपर्यंत क्रियापद चालवलं. मुलीला खोलीतून ओढून आणून साक्षीला उभं केलं. "येस," ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "शी सेज इट एव्हरी सिंगल डे. इट मीन्स मूव्ह." त्यातल्या एका बाईने विचारलं, मग ते शेवटचं 'गं' काय आहे? ते सांगताना मात्र मी अडखळले. म्हटलं, ते आई मुलीला म्हणते, बहीण बहिणीला, मैत्रीण मैत्रिणीला. परक्या बाईला कुणी गं म्हणत नाही.

"म्हणजे त्यात प्रेम आहे?" तिने विचारलं.

"सकाळी सात चाळीसला नसतं," मी म्हटलं.

आधी ती हसली, मग तिघंही. माझ्या शेजारी बसलेल्या हिने टेबलाखाली माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. तिची टेप यादीत परत गेली. कॉल बंद करता करता कुणीतरी म्हणालं की पुढच्या वेळी वाचायला दुसरी व्यक्ती मिळाली तर बघा, ही फारच सपाट वाचते. त्या क्षणी मला त्याचंही काही वाटलं नाही. मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं आणि देवाला हात जोडले.

तीन आठवड्यांनी तिला ती भूमिका मिळाली. कुंपणापलीकडून तिची किंकाळी आली तेव्हा मी एका मीटिंगमध्ये होते. माइक चालू होता, सगळ्या टीमने ऐकली. वृद्धाश्रमाला तिने नकार कळवला. मी शिरा केला, आमच्या ह्यांनी स्वतःहून भांडी घासली, आणि कित्येक दिवसांनी मला छान झोप लागली.

हे सगळं इथेच संपलं असतं तर मी मजेत सांगत फिरले असते. पण एका शनिवारी दुपारी तिने मला तिच्याकडे बोलावलं. स्टेजसाठी नवा तास लिहीत होती आणि त्यात आमची गोष्ट होती. "तुझी परवानगी असेल तरच," ती म्हणाली. आईच्या त्या वीस मिनिटांनंतर ती विचारल्याशिवाय कुणालाही स्टेजवर नेत नाही. माझ्यापुढे केक ठेवला आणि वही उघडून वाचू लागली. काय लिहिलं होतं! मी हसून हसून वाकले. मग शेवट आला. त्यात ती प्रेक्षकांना सांगते, "आख्ख्या मेलबर्नमध्ये माझ्याविषयी मनात काहीही वाईट नसलेली एकच बाई आहे, आणि तीच रोज सकाळी ती शिवी ओरडते."

तिने वर पाहिलं. मी हसायला हवं होतं. मी केकची बशी बाजूला सारली.

"ते वाक्य काढ," मी म्हटलं.

"का? चांगलं आहे."

"खरं नाहीये."

मी सांगितलं नसतं तर तिला कधीही कळलं नसतं. हे मला माहीत होतं, आणि तसं गप्प बसण्यात मी पटाईत आहे. पण शंभर लोकांसमोर ती मला निष्पाप ठरवणार, आणि मी तिथे बसून टाळ्या घेणार, हे काही केल्या मनाला पटेना. म्हटलं, "तू आलीस त्या आठवड्यात मी ठाण्याला बहिणीला फोन केला होता. तुझ्याबद्दल सांगताना एक शब्द वापरला. तो तसलाच शब्द आहे. आमच्यात सर्रास वापरतात, हसत हसत वापरतात. मला त्याचा अर्थ माहीत होता."

मी म्हटलं होतं, "शेजारी हबशीण आलीये गं. बघू आता काय काय ऐकावं लागतंय."

तिने पेन खाली ठेवलं. "खिडकीपाशी उभी होतीस तेव्हा? भांडी विसळत?"

"तुला कळलं होतं?"

"शब्द कुठला कळणार? पण दीड महिना मी तुझं प्रत्येक वाक्य ऐकलंय. भाजीवर ओरडतेस, इंटरनेटवर ओरडतेस, आईशी बोलताना ओरडतेस. तेवढा एकदाच तू आवाज खाली आणलास. आणि माझ्या खिडकीकडे बघितलंस."

मी मराठीत बोलत होते. आमच्या गल्लीत ते कुणाला समजणार होतं? तरी आवाज खाली आणला होता, आणि आणला हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

"आणि तरी तू माझ्या दाराशी आलीस?" मी विचारलं.

"मी त्या दुसऱ्या शब्दासाठी आले होते. तो तू मोठ्याने म्हणायचीस. मोठ्याने बोलणाऱ्याशी भांडता येतं." तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "आता तो शब्द सांग मला. तुझ्या नेहमीच्या आवाजात."

मी तोंड उघडलं. शब्द फुटेना. पुन्हा प्रयत्न केला आणि रडायलाच आलं, नाक गळेपर्यंत. तिने पाठीवर हातही ठेवला नाही. विनोद करणारे लोक थांबण्यात तरबेज असतात. माझं रडणं आटोपल्यावर तिने टिश्यूचा रोल माझ्याकडे सरकवला आणि वहीतल्या त्या शेवटच्या वाक्यावर रेघ मारली.

"मला वाटतच होतं यात काहीतरी खोटं आहे," ती म्हणाली. "इथे कुणी हसलं नसतं." मग तिने तिथे दुसरं काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं, आणि विचारलं, "वाचू?"

"वाच," मी म्हटलं. मला इतकं हलकं वाटत होतं की भूक लागली, आणि मी केकची बशी पुढे ओढून ऐकायला बसले.